आधी खुराडं, मग कोंबडी

कोंबड्या पाळायच्या ठरल्या की घरात पहिली चर्चा जातीवरून होते. गावठी घ्यायची की गिरिराज? वनराज बरी की कावेरी? कुणीतरी हमखास कडकनाथचं नाव काढतं, कारण झाबुआकडच्या त्या काळ्या कोंबडीच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून तिचा फार बोलबाला आहे. मग वर्षाला अंडी किती, बाजारात भाव काय, असा हिशेब सुरू होतो. हे सगळं नंतरचं. नवी मुंबईतल्या घणसोली गावातल्या आमच्या घराच्या परसात कोंबड्या यायच्या होत्या तेव्हा सासूबाईंनी जातीचं नावही काढलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "रातचा काय करशील?"

नव्याने कोंबड्या पाळणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. दिवसा कोंबडी स्वतःला बऱ्यापैकी सांभाळते. घारीची सावली जमिनीवरून सरकली तरी मान तिरकी करून एका डोळ्याने आभाळ बघते, मांजर दिसलं की गलका करते. अंधार पडला की मात्र तिला जवळजवळ काही दिसत नाही. जिथे बसली असेल तिथे ती बसून राहते आणि जे येईल त्याच्या तोंडी जाते. शहरात रात्री येणारे कमी नाहीत. बोके आहेत, भटकी कुत्री आहेत, खाडीकडच्या झाडोऱ्यातून मुंगूस येतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे घूस. गटारांच्या आधाराने वाढलेली आपल्याकडची घूस मांजरालाही जुमानत नाही. ती जमिनीखालून पोखरत येते आणि पिल्लं ओढून नेते.

म्हणून खुराडं जमिनीपासून दोन फूट तरी उंच असावं, लोखंडी पायांवर किंवा विटांच्या खांबांवर. जमिनीवरच बांधायचं असेल तर खाली कोबा हवा. बाजारात षटकोनी घरांची पातळ कोंबडीजाळी मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला किंवा मुंगसाला बाहेर ठेवत नाही. बारीक घरांची वेल्डमेश जाळी महाग पडते, तरी पैसे तिथेच घालावेत. दाराला नुसता आकडा पुरत नाही, कडी हवी. आत बसायला आडवा दांडा लावावा, मनगटाएवढा जाड, कडा घासून गोल केलेला. कोंबडीला उंचावर बसून झोपायची उपजत ओढ असते आणि दांड्यावर बसली की तिचा पाय शिटेत राहत नाही. जागा किती, हे सगळे विचारतात. रात्रीच्या मुक्कामाला एका मोठ्या पक्ष्यामागे दोन चौरस फूट धरावेत, दिवसा फिरायला त्याहून कितीतरी जास्त. परस लहान असेल तर कोंबड्या कमी ठेवाव्यात. चार ते सहा पुरतात. एकटी मात्र कधीच ठेवू नये. कोंबडी कळपातला जीव आहे, एकटी पडली की खात नाही, खंतावते.

सासूबाईंच्या लहानपणी रातच्या त्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. गावाच्या एका अंगाला भातशेती, दुसऱ्या अंगाला खाडी आणि मिठागरं. भात झोडपून झालं की खळ्यात सांडलेल्या दाण्यांवर गावभरच्या कोंबड्या पोसायच्या, रात्री डालग्याखाली, म्हणजे उपड्या टोपलीखाली जायच्या. 1970 मध्ये सिडको आली, नवं शहर वसवणारी सरकारी कंपनी. ठाणे-रायगडच्या 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायच्या ठरल्या. शेतं गेली, गावठाण राहिलं. आता चार-चार मजली घरांच्या मधून जेमतेम दुचाकी जाईल अशा गल्ल्या आहेत. तरीही सकाळी कुठल्या तरी ओट्याखालून एखादी कोंबडी पिल्लं घेऊन निघतेच. खळं नाही, शेत नाही, पण कोंबडीने गाव सोडलेलं नाही, याचा मला अजूनही आनंद होतो.

पावसाचा विचार खुराडं बांधतानाच करावा लागतो. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, नैर्ऋत्येकडून आडवा मारतो. तेव्हा खुराड्याची ती बाजू बंद हवी आणि उघडी जाळी पूर्वेकडे, म्हणजे सकाळचं ऊनही आत येतं. पत्रा भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट यावा. ताडपत्री लावून सगळ्या बाजू गच्च बंद करायचा मोह होतो. तो टाळावा. ओल आत कोंडते, शिटेतून अमोनिया सुटतो, डोळ्यांना झोंबतो, कोंबड्या शिंकायला लागतात. वाकून आत तोंड घातल्यावर आपल्या डोळ्यांत पाणी आलं तर समजावं की त्या रात्रभर त्यातच होत्या. खाली तीन-चार इंच भाताचं तूस पसरावं, दर दोन-तीन दिवसांनी फावड्याने वरखाली करावं, ओलं झालेलं काढून टाकावं. मूठभर तूस हातात दाबून सोडलं आणि गोळा झाला तर ते ओलं आहे, मोकळं सुटलं तर ठीक. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात आणि लहान पिल्लं त्याने पटापट जातात.

उन्हाळ्याची तऱ्हा वेगळी. कोंबडीच्या अंगाचं तापमानच 41 अंशांच्या आसपास असतं आणि तिला घाम येत नाही. मे महिन्यातल्या दमट दुपारी ती चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून सुटे धरून धापा टाकते. पत्र्यावर ओली गोणपाटं टाकावीत आणि पाण्याचं भांडं सावलीत ठेवून दुपारी एकदा बदलावं.

आता पक्षी. एक दिवसाची पिल्लं बघितली की कुणालाही तीच घ्यावीशी वाटतात. तरी माझा सल्ला दीड-दोन महिन्यांच्या, लसी झालेल्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या घेण्याचा आहे. त्यांना पिसं आलेली असतात, उबेची गरज संपलेली असते, आणि कोंबडा कोण होणार, कोंबडी कोण होणार, हेही तुऱ्यावरून बरंचसं कळू लागतं. आरे कॉलनीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे, पुण्याला खडकीत राज्य सरकारचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. तिथे चौकशी करावी, नाहीतर मुरबाड-शहापूरकडे ओळखीतून घ्याव्यात. रस्त्यावर टोपलीत रंगवलेली पिल्लं विकतात, ती मुलांच्या हट्टापायी आणू नयेत. बहुतेक ती नर असतात, लस झालेली नसते, आणि त्यांचं मरण मुलांना बघावं लागतं.

ज्याला पिल्लांपासूनच सुरुवात करायची आहे त्याने पहिला महिना घर सोडायचा नाही, एवढं मनाशी पक्कं करावं. अंड्यातून बाहेर येताना पिल्लू बलकाचा उरलेला भाग पोटात घेऊनच येतं. त्या शिदोरीवर ते दोन दिवस काढू शकतं, म्हणून तर खोक्यांत घालून ती इतक्या लांबून येतात. घरी आल्यावर आधी पाणी, मग खाणं. पाण्यात थोडा गूळ विरघळवतात. प्रत्येक पिल्लाची चोच एकदा पाण्यात हलकेच बुडवून दाखवावी. आईने दाखवल्याशिवाय त्याला पाणी चटकन कळत नाही, आणि इथे आई नाही.

ऊब हा सगळ्यात नाजूक भाग. पहिल्या आठवड्यात 35 अंश लागतात, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायचं. त्यासाठी तारेचा जुना पिवळा बल्ब लागतो. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. आता साध्या इलेक्ट्रिकच्या दुकानात असा बल्ब मागितला की दुकानदार आत जाऊन शोधतो. थर्मामीटर असला तर उत्तम, पण पिल्लं स्वतःच सांगतात. बल्बखाली एकावर एक चढून चिवचिव करत असतील तर त्यांना थंडी वाजते. कडेला जाऊन चोची उघडून बसली असतील तर बल्ब वर घ्यावा. सगळीकडे पसरून, काही खात, काही पाय ताणून झोपलेली दिसली तर नेमकं आहे. पुठ्ठ्याचा आडोसा गोल करावा. कोपरे असले की रात्री सगळी एका कोपऱ्यात घुसतात आणि खालची गुदमरतात. रात्री एकदा, पहाटे एकदा उठून बघावंच लागतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पंखाच्या टोकाला खरी पिसं फुटताना दिसतात, पेन्सिलीच्या शिशाएवढ्या निळसर नळ्या, आणि त्यांच्या टोकातून बारीक पांढरी काडी बाहेर आलेली. ते बघितल्यावर जागरणाचं काही वाटत नाही.

कोंबडा ठेवायचा का? अंड्यांसाठी त्याची गरज नाही. हे सांगितलं की अजूनही कितीतरी जणांना नवल वाटतं. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. जिथे भिंतीला भिंत लागून घरं आहेत, तिथे पहाटे चारला आरवणाऱ्या कोंबड्यापायी शेजारधर्म पणाला लावू नये. त्याला अंधारात कोंडून ठेवणं हा उपाय नव्हे. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही हे आपण म्हणत आलोच आहोत. जपानमधल्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिलं की सतत मंद उजेडात ठेवलेले कोंबडेही पहाटेच्या वेळेलाच आरवतात, कारण त्यांच्या शरीरातच घड्याळ असतं. झाकलेलं कोंबडंही वेळेवर आरवणार.

खाण्याबद्दल मात्र आगरी-कोळी घरांत जे शहाणपण आहे ते मला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. अंडी देणारी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाद्य खाते आणि त्याच्या दुप्पट पाणी पिते. तयार खाद्य अर्ध्याहून अधिक असावंच, कारण नुसत्या कण्या आणि उरलेल्या भातावर कोंबडी जाडजूड होते, पण अंडी कमी होतात. बाकी भाजीचे देठ, मेथी-मुळ्याचा पाला, कलिंगडाची सालं, तांदळाचा कोंडा. सुकट-जवळ्याचा चुरा चिमूटभर. तो फार झाला तर अंड्याला मासळीचा वास येतो. खारट-तिखट रस्सा घालू नये, बुरशी लागलेलं तर अजिबात नाही, मका-शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं.

आणि शिंपल्या. आमच्याकडे तिसऱ्या, खुबे शिजले की सासूबाई शिंपल्या फेकू देत नाहीत. धुऊन, उन्हात वाळवून, तव्यावर भाजून खलबत्त्यात जाडसर कुटतात आणि वेगळ्या वाटीत संध्याकाळी खुराड्यापाशी ठेवतात. खाद्यात मिसळत नाहीत, ज्या कोंबडीला हव्या असतील ती खाते. एका अंड्याच्या कवचात जवळपास दोन ग्रॅम कॅल्शियम असतं आणि ते कवच बहुतेक रात्रीच तयार होतं. संध्याकाळी खाल्लेली शिंपली रात्रभर उपयोगी पडते. नाहीतर कोंबडी आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढून अंड्याला देते. सासूबाईंना हे कॅल्शियम ठाऊक नाही. त्यांना एवढंच ठाऊक आहे की शिंपली बंद झाली की अंड्याचं कवच पातळ होतं आणि ते बोटाखाली दबतं.

पहिलं अंडं साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात येतं. त्याच्या आधी तलंगेचा तुरा लालबुंद होतो, ती कोपरे धुंडाळत फिरते, तुसात बसून बघते, उठते, पुन्हा बसते. हात पुढे केला की पंख सैल सोडून खाली बसते. अंडं तयार व्हायला एका दिवसाहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणून आज सकाळी आठला घातलं तर उद्या नऊच्या पुढे, परवा आणखी उशिरा, आणि मग एक दिवस खाडा. दिवस लहान झाले की अंडी घटतात, कारण तिला चौदा तासांच्या आसपास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे अकराच तास मिळतात. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, पोल्ट्रीतली तीनशेच्या घरात. हा फरक आधीच समजून घेतला की निराशा होत नाही. मी गावठी ठेवते. ती कमी देते, पण परसात स्वतःचं पोट निम्मंअधिक भरते, चपळ असते, आणि तिला अजून पिल्लं वाढवता येतात.

आजारांत सगळ्यात मोठी मानमोडी, म्हणजेच राणीखेत. मान पिळवटते, हिरवी हगवण लागते, एकदा आत शिरली की खुराडं रिकामं होतं. तिला औषध नाही, लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात थेंब, नंतर बूस्टर, मोठेपणी टोचून. कोंबड्यांना देवी येतात, त्या रोगाची लस निराळी. अडचण अशी की लसीची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते, बर्फात आणावी लागते, आणि एकदा पाण्यात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी हे परवडत नाही. म्हणून गल्लीतल्या ज्यांच्याकडे कोंबड्या आहेत त्यांनी मिळून एक दिवस ठरवावा. आमच्याकडे बर्फाचा फ्लास्क घेऊन एक जण जातो आणि तो आला की सगळ्यांच्या कोंबड्या एका ओट्यावर जमतात. नवी कोंबडी आणली तर दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी. हे न पाळल्यामुळेच आजार घरात येतात.

बर्ड फ्लूबद्दल खाडीकाठी राहणाऱ्यांनी जास्त जागरूक असायला हवं. भारतात हा रोग कोंबड्यांत पहिल्यांदा 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापुरात सापडला. जानेवारी 2021 मध्ये ठाण्यात घोडबंदर रोडला बगळे मरून पडले तेही याच रोगाने. फेब्रुवारी 2022 मध्ये शहापूरच्या वेहळोलीत कोंबड्या गेल्या, जानेवारी 2025 मध्ये उरणच्या चिरनेरमध्ये. लागण झालेल्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारल्या जातात, मग त्यात आपल्या धडधाकट कोंबड्याही आल्या. ठाणे खाडीत दर हिवाळ्यात हजारो पाणपक्षी येतात. ते यावेत, त्यांच्यामुळेच ही खाडी 2022 मध्ये रामसर स्थळ झाली, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेली. आपण एवढंच करायचं की खाद्य-पाणी छपराखाली ठेवायचं, म्हणजे कावळे-बगळे त्यात तोंड घालत नाहीत. खाडीत फिरून आलेल्या चपला खुराड्यात न्यायच्या नाहीत. एकदम दोन-तीन कोंबड्या मेल्या तर गुपचूप खाडीत टाकून न देता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. हे सांगताना माझा आवाज चढतो, कारण लपवलेल्या एका मरणाची किंमत अख्खं गाव देतं.

शेजारी हा यातला अर्धा भाग आहे. फ्लॅटच्या बाल्कनीत कोंबड्या ठेवू नयेत असं माझं ठाम मत आहे. त्यांना माती उकरायला हवी, राखेत-धुळीत अंग घोळायला हवं, त्याशिवाय पिसांतल्या उवा जात नाहीत. ज्यांच्याकडे तळमजला आणि अंगण आहे त्यांनीही आधी शेजाऱ्यांना आणि महापालिकेच्या विभाग कार्यालयात विचारून घ्यावं. वास येऊ दिला नाही, माश्या होऊ दिल्या नाहीत, तर कुणी तक्रार करत नाही. शीट आणि तूस एका झाकणाच्या पिंपात साठवावं. ते ताजं झाडांना घालू नये, फार गरम असतं, मुळं जळतात. दोन-तीन महिने कुजलं की अळू आणि शेवगा त्यावर असे माजतात की बघत राहावं. पहिली अंडी आम्ही मागच्या घरात दिली. आता त्या घरातून रोज संध्याकाळी भाजीचे देठ येतात.

एक प्रश्न लोक टाळतात, तो आधीच घरात बोलून घ्यावा. दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होतील, तेव्हा काय? आमच्या घरात कोंबडी खातात, देवाला मानही देतात. सासूबाईंना त्यात काही अवघड वाटत नाही. ज्या हाताने दाणे टाकले त्याच हाताने त्या कापून देतात, आणि त्या दिवशी थोडं कमी बोलतात. माझ्या मुलीने कोंबड्यांना नावं ठेवली आहेत. आमच्यात असं ठरलं की नाव ठेवलेली कोंबडी परसातच म्हातारी होईल. दुसऱ्या घरात वेगळं ठरेल, त्यात चूक काही नाही. कोंबडी आणण्याआधी ठरावं, एवढंच.

सुरुवात दसऱ्यानंतर करावी. पाऊस सरलेला असतो, ऊन चढलेलं नसतं, आणि दोन महिन्यांच्या तलंगा आणल्या तर फेब्रुवारी-मार्चात अंडी सुरू होतात. त्याच सुमारास एखादी खुडूक होते. अंडी द्यायची थांबते, घरट्यातून उठत नाही, हात घातला की अंग फुगवून ओरडते. पिल्लं नको असतील तर तिला काही दिवस तूस नसलेल्या, जाळीच्या उघड्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवतात, पोटाखाली वारा लागला की ती उतरते. हवी असतील तर कोंबडा असलेल्या घरून अंडी आणून तिच्याखाली ठेवायची आणि एकवीस दिवस तिला छेडायचं नाही.

सध्या आमची तांबडी खुडूक आहे. माझं म्हणणं, वैशाखाच्या उन्हात पिल्लं नकोत, तिला उतरवू. सासूबाई म्हणतात, "बसली तं बसू दे गो, तिला कलतं." त्यांनी कोपऱ्यावरच्या काकींकडून अंडी मागून ठेवली आहेत, दहा, कण्यांच्या डब्यात, टोकदार बाजू खाली करून. संध्याकाळी अंधार पडल्यावर तिच्याखाली सरकवायची आहेत, तेव्हा हात माझा लागणार आहे.